शनिवारचे पांढरे बोल्ट

मंगळवार पेठेत गुरुसिद्धचं नट-बोल्टचं दुकान कुठं म्हणून विचारलं, तर लोक पत्ता सांगायचे आणि जोडीला एक सल्लाही द्यायचे, "नमुना घेऊन जावा पावणं, न्हाईतर शिव्या पडतील." सल्ला खरा होता. गुरुसिद्धच्या दुकानात नमुन्याशिवाय बोल्ट मिळत नसे. गिऱ्हाईक मोटारीतून उतरलेलं असो नाहीतर सायकल भिंतीला टेकवून आलेलं असो, त्याची उलटतपासणी पायरीवरच व्हायची.

"काय पायजे?"

"तीन सुती बोल्ट द्या थोडं."

"सूत का मिलिमीटर?"

"सूतच असंल की."

"असंल म्हंजे? नमुना कुठाय?"

"न्हाय आणला. एवढा जाड असतोय बघा." गिऱ्हाईक करंगळी दाखवायचं.

"मग करंगळीच घाल जा त्या भोकात. बसती का बघ."

माणूस तोंडाचा फटकळ, पण उगीच फटकळ नव्हता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती बोल्ट आणि दहा मिलिमीटरचा बोल्ट शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटतात. एकाचा नट दुसऱ्यावर दोन आटे चढतोसुद्धा, मग अडतो. अडला की आपला गडी काय करतो, लांब दांड्याचा पाना आणतो आणि अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावतो. आटे जातात, मशीन बंद पडतं आणि बोल लागतो बोल्ट विकणाऱ्याला. कोल्हापुरातली जुनी ऑइल इंजिनं, गुऱ्हाळांचे चरक सगळे सुतात, आणि नव्या मोटारसायकली मिलिमीटरात. मिलिमीटरातही पुन्हा भानगड आहेच. दहाचा बोल्ट म्हणजे काही एकच नव्हे. एकाचे आटे जाड, एकाचे बारीक, आणि दोघांचं आपसांत अजिबात पटत नाही. म्हणून गुरुसिद्धचा नियम एकच, नमुना तसा बोल्ट. त्यात आपली अक्कल चालवायची नाही आणि गिऱ्हाइकाचीही चालू द्यायची नाही. हा नियम त्यानं उभ्या आयुष्यात एकदाच मोडला. तोही कुणासाठी, तर पोटच्या पोरासाठी.

गुरुसिद्ध मूळचा गडहिंग्लजच्या पलीकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. तरुणपणी कोल्हापूरला आला, उद्यमनगरात लेथवर उभा राहिला आणि पुढे मंगळवार पेठेत हे दुकान टाकलं. गळ्यात लिंग, भिंतीवर बसवेश्वरांची तसबीर, तिच्याखाली बोल्टांचे डबे. दुकानाच्या मागं दोन खोल्यांत संसार. बायको अक्काताई शांत स्वभावाची, आवाज न चढवता आपलं खरं करणारी. मूल एकच, महांतेश.

या महांतेशनं दुकानात बसावं असं बापाला फार वाटायचं. पोरानं आयटीआयला फिटरचा कोर्स केला तेव्हा गुरुसिद्धनं मनातल्या मनात त्याला गादीवर बसवूनही टाकलं. पण पोरगं गेलं भरतीला, आणि लष्करात मेकॅनिक म्हणून लागलं. गुरुसिद्धनं अबोला धरला. "नमुना माझाच, माल दुसराच निघाला," असं येईल त्याला सांगायचा. सांगायचा रागानं, पण पोराचा वर्दीतला फोटो बसवेश्वरांच्या शेजारी लावला तो त्यानंच. एखाद्या गिऱ्हाइकानं "ह्यो कोण ओ आण्णा?" असं विचारलं, की त्या गिऱ्हाइकाला त्या दिवशी नमुना नसला तरी बसायला स्टूल मिळायचं.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर महांतेश सुट्टीवर आला. तेव्हा तो पार वर, बर्फाच्या डोंगरातल्या एका ठाण्यावर होता. ओठ फुटलेले, गाल काळवंडलेले. अक्काताईनं त्याच्या गालाला तूप लावलं आणि डोळे पुसत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी महांतेश मागच्या खोलीतून बाहेर पडला, वळसा घालून रस्त्यानं आला आणि गिऱ्हाइकासारखा दुकानाच्या पायरीवर उभा राहिला.

"बोल्ट पायजेत अप्पा."

गुरुसिद्धनं चष्म्यावरून बघितलं. "नमुना?"

"आणलाय."

बापाचा सगळा अबोला त्या एका शब्दात विरघळला. इतकी वर्षं पोरानं ज्या धंद्याकडं पाठ केली होती, त्याच धंद्याच्या दारात आज ते नमुना घेऊन उभं होतं. पण आनंद दाखवायची त्याच्या घराण्यात पद्धत नव्हती. "दाव," एवढंच तो म्हणाला.

महांतेशनं रुमालाची गाठ सोडली. आत काळा कुळकुळीत अ‍ॅलन बोल्ट, गोल डोक्याचा, डोक्यात सहा कोनी खड्डा. बोल्ट अर्ध्यातून वाकलेला.

"कशाचा रं ह्यो?"

"बर्फावरच्या स्कूटरचा."

"बर्फावर स्कूटर?"

"तिला चाकं नसत्यात अप्पा. म्होरं दोन पाट्या घसरत्यात आणि मागं रबरी पट्टा फिरतोय. पट्टा ज्या चौकटीवर फिरतोय, ती गाडीला धरणारा बोल्ट ह्यो. दगडावर आपटली, सगळं बोल्ट वाकलं. गाडी उभी हाय."

"चाक न्हाय आणि म्हणं गाडी." गुरुसिद्धला हसू आलं. त्यानं बघितलेला बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालतात तो. "आणि सरकार बोल्ट देत न्हाय व्हय रं तुमास्नी?"

"मागवल्यात. निघाल्यातबी. पण आता वाट बंद हुईल, मग उन्हाळा लागंस्तवर सामान वर येत न्हाय. तवर गाडी उभीच. वर कुणी आजारी पडलं तर खाली आणायला तीच एक गाडी हाय. ढग आलं की हेलिकॉप्टर उडत न्हाय." आणि मग म्हणाला, "छातीत पाणी होतंय तिथं माणसाच्या. लवकर खाली आणलं तर वाचतंय."

गुरुसिद्धनं बोल्ट हातात घेतला. व्हर्नियर लावून जाडी बघितली, दहा मिलिमीटर. आटे मोजायच्या पात्यांचा गुच्छ काढला आणि एकेक पातं आट्यांवर टेकवून उजेडात धरलं. जाड आट्याचं पातं बसेना, बारीक आट्याचं चपखल बसलं. मग लांबी. मग आटे कुठपर्यंत आणि कोरी दांडी किती. शेवटी डोक्यावरचा आकडा अंगठ्यानं पुसून वाचला. तो आकडा म्हणजे लोखंडाचा कडकपणा, आणि याहून कडक बोल्ट बाजारात नसतो.

"जाड आट्याचं पोतंभर हायत माझ्याकडं," गुरुसिद्ध म्हणाला. "बारीक आट्याचा, एवढा कडक, एवढ्या लांबीचा न्हाय. पण गावात कुणाकडं तरी असणारच. तू घरात बस. अव्वाच्या हातचं खा."

मग त्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि उद्यमनगर पालथं घातलं. एकानं जाड आट्याचे दाखवून "आण्णा, चालतंय की, जरा ताकद लावायची" म्हटलं, त्याला तिथंच दोन्ही भाषांत ऐकवलं. दुसऱ्यानं बारीक आट्याचे काढले, पण डोक्यावरचा आकडा लहान, म्हणजे मऊ लोखंड. गुरुसिद्धनं तेही परत केले. शेवटी परदेशी मशिनरीचं जुनं सामान विकणाऱ्या एकाच्या माळ्यावर, ग्रीसच्या कागदात गुंडाळलेले, नेमके तेच मिळाले. मूठभरच होते. तेवढेच पाहिजे होते. घरी येईस्तोवर गुरुसिद्धनं ते रस्त्यात दोनदा काढून बघितले, एवढा माणूस खूश होता.

इथपर्यंत सगळं नमुन्याबरहुकूम झालं होतं. एवढ्यावर थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

महांतेशचं रिझर्वेशन शनिवारचं होतं. गुरुसिद्धनं बोल्ट ताटलीत ओतले तशी अक्काताई जवळ आली. तिनं ते बघितले आणि पदर तोंडाला लावला.

"काळं हायत की."

"मग? असलं काळंच असत्यात."

"शनवारी निघालाय. त्यात लोखंड. त्यात आणि काळं. पोराच्या हातात देताय?"

"खुळी हाईस काय? धंदाच लोखंडाचा आपला. शनवारी दुकान उघडतोय का न्हाय मी? आपल्यात असलं मानत्यात व्हय?"

"दुकानातलं गिऱ्हाईक तासाभरात आपल्या घरी जातंय," अक्काताई म्हणाली. "माझं पोरगं कुठं निघालंय?"

गुरुसिद्ध शकुन-अपशकुन मानणारा नव्हता. पण न मानणाऱ्याच्याही पोटात, पोराचा विषय निघाला की एक मऊ जागा असतेच. आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही ते बोल्ट जरा गरीब दिसत होते. पोरगं वर नेणार, साहेब लोक बघणार. मंगळवार पेठेतल्या दुकानाचा माल कसा उठून दिसायला पाहिजे. माप तेच, आटे तेच, लोखंड तेच. वरचा रंग तेवढा बदलला म्हणून काय बिघडतं? संध्याकाळच्या आत तो बोल्ट घेऊन पुन्हा उद्यमनगरात गेला आणि प्लेटिंगच्या, म्हणजे मुलामा चढवायच्या कारखान्यात देऊन आला. दुसऱ्या दिवशी आणले ते पांढरेशुभ्र. अक्काताईनं ते देवापुढं ठेवले, हात जोडले, आणि तिचा चेहरा निवळला.

महांतेशनं मात्र एक बोल्ट उचलला आणि बराच वेळ बोटात फिरवत राहिला.

"तेजाबात धुतलं असतील न्हवं अप्पा?"

"धुतल्याबिगर चकाकी येती व्हय?"

"काळं उरल्यात का एखाद-दोन?"

"सगळंच दिलंतं. एवढंच तर हुतं गावात. का रं?"

महांतेशनं आईकडं बघितलं. ती खाली बसून त्याच्यासाठी शेंगापोळ्या कागदात बांधत होती. बांधता बांधता तिनं मान वर केली. "आवडलं न्हाईत व्हय रं बाळा?"

"आवडलं की अव्वा. चांदीगत दिसत्यात," महांतेश म्हणाला, आणि बोल्ट रुमालात बांधून त्यानं खिशात घातले. शनिवारी स्टेशनवर गाडी हलली तेव्हा त्यानं तोच खिसा थोपटून बापाला दाखवला. वाकलेला काळा नमुना तेवढा दुकानातच राहिला.

संक्रांत झाली, आणि पुढच्याच आठवड्यात तार आली. वरच्या ठाण्यावर महांतेशच्या छातीत पाणी झालं होतं.

गावी, गडहिंग्लजच्या पलीकडं, त्यांच्या रीतीप्रमाणं त्याला बसवून माती दिली. बंदुकांच्या फैरी झडल्या. गुरुसिद्ध रडला नाही, नुसता उभा राहिला. महांतेशला घेऊन त्याचा ठाण्यावरचा सोबती आकाराम आला होता, गडहिंग्लज तालुक्यातलाच, शेतकऱ्याघरचा. सगळं आटोपल्यावर अक्काताईनं त्याला जवळ बसवलं आणि तिच्या मनात होतं ते एकच विचारलं.

"बर्फात गेला व्हय रं माझा पोरगा? उघड्यावर?"

आकारामनं मान खाली घातली. मग म्हणाला, "न्हाय अव्वा. गाडी चालली की. तुमी दिल्याल्या बोल्टांवर चालली. त्याच गाडीवर खाली आणला त्याला. दवाखान्यात कॉट हुती, शेगडी हुती, गरम पाणी पाजलं. झोपंतच गेला."

"माझ्या बोल्टांवर?"

"व्हय अव्वा. पांढऱ्या बोल्टांवर."

या एका वाक्यावर ती माउली पुढची दहा वर्षं जगली. अतिशयोक्ती करत नाही मी. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगायची, पोरगा माझा गेला खरा, पण उघड्यावर न्हाय गेला. कॉटवर गेला. शेगडी हुती. आणि शेवटी, आवाज हळू करून, मी काळं देऊ दिलं न्हाय म्हणून गाडी चालली. बायका माना डोलवायच्या. दर दिवाळीला आकारामच्या घरी शेंगापोळ्यांचा डबा जायचा. गुरुसिद्धही त्याच वाक्याला धरून होता. पोराला वाचवता आलं नाही, पण बापाचा बोल्ट शेवटपर्यंत पोराच्या उपयोगी पडला, एवढं तरी झालं. दुकान त्यानं बंद केलं नाही. फटकळपणा मात्र गेला. नमुना न आणणाऱ्याला आता तो नुसतं "घेऊन या" म्हणायचा, आणि जुन्या गिऱ्हाइकांना त्या शिव्यांची आठवण येऊन वाईट वाटायचं. वाकलेला काळा नमुना त्यानं दोरीत बांधून पोराच्या फोटोखाली टांगला होता. अक्काताई तो घरात आणू देत नसे.

दोन हजार सात साली कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्याला गुरुसिद्ध माल देऊ लागला होता. एकदा त्यांनी तसलेच कडक अ‍ॅलन बोल्ट मागवले, गंजू नयेत म्हणून प्लेटिंग करून. गुरुसिद्धनं नेहमीच्या ठिकाणी प्लेटिंग करून पाठवले. दोन दिवसांनी बोलावणं आलं. माल तपासणाऱ्या सुष्मिता मॅडम म्हणजे महांतेश शाळेत जायचा तेव्हा पाळण्यात असेल एवढी पोरगी. तिनं गुरुसिद्धला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि एक ट्रे समोर सरकवला. ट्रेमध्ये पांढऱ्या बोल्टांची नुसती डोकी पडली होती.

"काल संध्याकाळी आवळून ठेवले होते आण्णा," ती म्हणाली. "कुणी हात लावला नाही. सकाळी बघितलं तर आपोआप तुटलेले."

"लोखंड खोटं निघालं काय?"

"लोखंड चांगलं आहे. प्लेटिंगमुळं झालं. असले कडक बोल्ट तेजाबात घातले की त्यातला वायू लोखंडात शिरतो. वरून काही दिसत नाही. आवळल्यावर काही तासांनी डोकं उडतं. प्लेटिंग झाल्या झाल्या भट्टीत तापवून घेतले तर तो वायू निघून जातो. मऊ बोल्टाला काही होत नाही, जेवढा कडक तेवढा धोका. तुमची चूक नाही, आपल्याकडं बरेच जण असंच करतात."

गुरुसिद्धनं ट्रेमधलं एक डोकं उचललं. तुटलेली बाजू बघितली. बराच वेळ बघितली.

"सगळंच तुटत्यात?" त्यानं विचारलं.

"सगळेच नाही. पण कुठला तुटेल ते सांगता येत नाही."

"बर्फात?"

"बर्फात म्हणजे?"

"काय न्हाय," गुरुसिद्ध म्हणाला. माल परत घेतो म्हणाला, नमस्कार केला आणि बाहेर पडला. हमरस्त्यावरच्या थांब्यावर तो बसला, आणि त्याच्यासमोरून कोल्हापूरच्या एसट्या एकामागून एक निघून गेल्या. तेजाबात धुतलं असतील न्हवं अप्पा. पोराला माहीत होतं, नाहीतर निदान शंका तरी आली होती. आईच्या तोंडाकडं बघून पोरगं गप्प बसलं होतं. पण आकाराम तर म्हणाला होता, गाडी चालली. सगळे काही तुटत नाहीत, मॅडम म्हणाली होती. या दोन वाक्यांना धरून गुरुसिद्ध घरी आला, आणि रात्रभर त्यांना धरूनच पडून राहिला.

सकाळी तो अक्काताईला म्हणाला, "आकारामला भेटून येतो."

ती हरखली. लगेच शेंगा भाजायला घेतल्या. "लई दिस झालं की त्याला बघून. आणि विचारून या, शेवटी काय बोलला का आपला पोरगा. मागं विचारायचं ऱ्हायलंच." दुपारच्या गडहिंग्लज गाडीत गुरुसिद्ध बसला तेव्हा मांडीवरचा डबा अजून गरम होता.

आकाराम आता पेन्शनवर होता. दोन म्हशी, थोडा ऊस, डेअरीला दूध. गुरुसिद्धला बघून त्यानं हातातली चरवी खाली ठेवली आणि पाया पडला.

"गाडी चालली हुती का रं?" गुरुसिद्धनं बसायच्या आधीच विचारलं.

"कुठली गाडी अप्पा?"

"बर्फावरची."

आकारामचा चेहरा उतरला. "चालली की. सांगितलंतं न्हवं अव्वाला."

"अव्वाला सांगितलंस. मी बोल्टवाला हाय, मला सांग."

आकाराम गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला. गुरुसिद्ध त्याच्या शेजारी टेकला. म्हशी रवंथ करत होत्या. मग आकारामनं सांगितलं, खाली बघूनच सांगितलं.

"महांतेशनं सांजच्याला आवळलं, सकाळी बघितलं तर डोकी बर्फात पडल्याली. उरल्यालं लावलं, तीबी तशीच. त्यानं सगळी गोळा केली, रुमालात बांधली आणि एका भेगंत टाकून दिली. मला म्हणाला, आकाराम, माझ्या घरी कवा गेलास तर गाडी चालली म्हण. अप्पानं उभ्या जन्मात नमुना सोडून बोल्ट दिला न्हाय, एक माझ्यासाठी दिला. त्यास्नी कळता कामा नये."

"मग त्याला खाली कसा आणला?"

"ढग हुतं, हेलिकॉप्टर न्हाय. बर्फावरनं घसरणारी पाटी असती, तिच्यावर निजवला आणि दोरीनं वडली आमी. सगळ्यांनी पाळीपाळीनं वडली अप्पा, कुणी थांबलं न्हाय. खालची छावणी दिसाय लागल्याली, तवा त्यो गप झाला."

"उघड्यावर."

आकारामनं होकाराची मान हलवली.

"काय बोलला?"

"थंडी वाजती म्हणाला. दुसरं काय न्हाय."

गुरुसिद्धनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "गाडी असती तर?"

आकाराम उठून म्हशींना वैरण टाकायला लागला. गुरुसिद्धनं पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "तर दवाखान्यापातूर पोचला असता अप्पा. वाचला असता का न्हाय, ते देवाला ठावं."

आणि तेव्हा, गावी माती दिली त्या दिवशी जे झालं नव्हतं ते झालं. गुरुसिद्ध रडला. म्हातारं माणूस, दुसऱ्याच्या गोठ्यात, मोठ्यानं रडला. मी त्याला काळंच दिलं असतं तर, काळंच हुतं रं माझ्याकडं, हातात हुतं, असं म्हणत राहिला. आकारामची बायको दारात आली आणि तशीच आत गेली. आकारामनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. शेंगापोळ्यांचा डबा उंबऱ्यावर तसाच होता.

परतीच्या गाडीत गुरुसिद्ध एकच विचार करत होता. आता घरात गेल्यावर काय सांगायचं? पस्तीस-चाळीस वर्षांचा संसार, त्यात त्यानं बायकोपासून काही लपवलं नव्हतं. भांडला, ओरडला, पण लपवलं नाही. आणि ही गोष्ट तर तिच्या पोराची. तिलाही कळायचा हक्क होता. निपाणी गेली, कागल गेलं, आणि त्याचं काही ठरेना.

रात्री तो घरी पोचला. अक्काताई दारातच उभी होती. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, ताट वाढलं, आणि तो जेवायला बसला तशी समोर येऊन बसली. तिच्या डोळ्यांत असा जीव आला होता की गेल्या दहा वर्षांत गुरुसिद्धनं तो बघितला नव्हता.

"विचारलंसा?"

"विचारलं."

"काय बोलला माझा पोरगा?"

गुरुसिद्धनं भाकरीचा तुकडा मोडला. तोंडात घातला नाही, हातातच धरला.

"बरं वाटतंय म्हणाला," तो म्हणाला. "ऊब लागती म्हणाला."

अक्काताईनं डोळे मिटले. पापण्यांखालून पाणी आलं, पण ते समाधानाचं होतं. "शेगडी हुती न्हवं."

"हुती."

"आणि गाडी?"

"चालली. मधी कुठं थांबली न्हाय म्हणाला."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्याच्या ताटात आमटी वाढली. मग म्हणाली, अगदी हळू, भांडणाचा सूर नव्हता त्यात, "तुमी माझ्यावर खवळला हुतासा त्या दिशी. खुळी म्हणलासा. काळं दिलं असतं तर एवढंबी त्याच्या नशिबात नव्हतं. आता तरी पटतंय का?"

गुरुसिद्धनं तिच्याकडं बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "तुझंच खरं."